तीन पौंड कमी

त्या वर्षी चैत्र आणि रमजान एकाच चंद्राखाली आले होते. पवनेचे पात्र आटून खडकांच्या घळीत डबक्याडबक्यांनी उरले होते, आणि पहाटेचा जो थोडा गारवा नदीवरून येई, तोही ओसरीपर्यंत पोचता पोचता कोमट होऊन जाई.

रोजाआधीच्या सहरीचे चार घास गिळून नूरमोहम्मद मुलाणी ओसरीच्या कडेला उकिडवा बसे आणि पूर्वेकडे पाहत राही. दिसायला लागण्याआधीच तिकडचे सगळे त्याला दिसत असे. चिंचवडच्या रस्त्यापासून नदीपर्यंत, जिथे त्याच्या कांद्याचे वाफे होते, तिथे आता तारांच्या कारखान्याचे लोखंडी सांगाडे उभे होते. गावच्या जत्रेत देवाच्या नावाचे बकरे मुलाण्याच्याच हातून कापले जायचे, हा जुना रिवाज होता, आणि ते रान त्याच चाकरीपोटी त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. दोन वर्षांमागे सरकारने ते कारखान्यासाठी घेतले. चाकरी मात्र कोणी घेतली नाही.

"रान गेलं, सुरी ऱ्हायली," नूरमोहम्मद म्हणे. म्हणताना तो हसे, पण त्याच्या जबड्याचे हाड कानाखाली वरखाली होत राही.

रानाच्या बदल्यात जो मोबदला आला तो आला आणि संपला. उरला होता तो एक शब्द. रान देणाऱ्याच्या घरटी एक नोकरी, पक्की, कायमची. कारखान्याच्या साहेबांनी चावडीत उभे राहून तो दिला होता. गेल्या आठवड्यात कारखान्याचा शिपाई दारोदार सांगून गेला, की जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उमेदवारांनी यावे. घरातून एकच नाव लागेल. ते नाव नापास झाले, तर त्या घराचा हक्क संपला. दुसरे नाव घेतले जाणार नाही.

नूरमोहम्मदने आधी स्वतःचेच नाव सांगितले होते. शिपायाने त्याच्या दाढीकडे पाहिले.

"बाबा, तुमचं वय उलटलं."

"वय उलटलं? काल ह्याच हातानं हिरीतनं दगूड वर काढलाय म्या."

"काढला असंल. साहेबाला जवान माणूस पायजे. वाचणारा पायजे. इंग्रजीच्या पाट्या वाचता आल्या पायजेत."

म्हणून करीमचे नाव लागले. करीम त्याचा एकुलता मुलगा होता, मॅट्रिकला बसलेला आणि एका इंग्रजीतच गेलेला. तो फारसे बोलत नसे. कोणी हाक मारली तर वर बघण्याआधी क्षणभर खाली बघे, जणू उत्तर पायांजवळ कुठेतरी पडलेले असावे. उन्हाळाभर तो त्याच कारखान्याच्या बांधकामावर रोजंदारीने सिमेंटच्या गोण्या वाहत होता. कारखाना वर चढत होता आणि तो चढवणाऱ्यांत करीम होता. पण ते खाते ठेकेदाराचे होते. पक्क्या नोकरीचे दार वेगळे होते, आणि त्या दाराशी इंग्रजी उभी होती.

इंग्रजी शिकवायला अर्जुनराव मास्तर होते. तळवड्याहून ते सायकलीने येत, आणि शाळा भरण्याआधी व्हरांड्यात करीमला बसवत. जुने, पाठीचा पुठ्ठा निघालेले व्याकरण त्यांच्या मांडीवर असे.

"हे बघ करीम. 'ही इज टू वीक टू वॉक.' अर्थ सांग."

"तो... चालायला लई अशक्त हाय."

"अर्धा झाला. चालतो का न्हाई चालत?"

"न्हाई चालत."

"मग तसं म्हण की. तो इतका अशक्त आहे, की तो चालू शकत नाही."

"पन मास्तर, ह्यात 'न्हाई' कुठं हाय? 'नॉट' तर कुठंच दिसंना."

अर्जुनराव खूश झाले. "हां! आता कसं इचारलंस. ह्या 'टू'च्या पोटात हाय ते. इंग्रज 'न्हाई' तोंडावर म्हणत न्हाई. नुसतं माप सांगतो. 'अमुक माणूस फार अशक्त.' झालं. पुढचं तू वळखायचं. आता हेच 'सो'नं आन् 'दॅट'नं सांग. त्यात मात्र 'न्हाई' बाहीर येतं."

"ही इज सो वीक... दॅट ही कॅनॉट वॉक."

"शाबास. आन् 'इनफ' आलं तर? 'ही इज स्ट्राँग इनफ टू लिफ्ट द बॉक्स.' पेटी उचलण्याइतका ताकदवान. आपण माप आधी सांगतो, गुण मागनं. त्येंच्यात उलटं. गुण आधी, 'इनफ' त्याच्या मागं. 'इनफ स्ट्राँग' म्हणालास तर साहेब फिदीफिदी हसंल."

करीम ओठ हलवत ते घोकी. तहानेने त्याची जीभ टाळूला चिकटे, आणि तो परका शब्द तोंडात कोरड्या पिठासारखा घोळत राही. व्हरांड्याच्या पायरीशी नूरमोहम्मद एक बकरा दोरीने धरून उभा होता. जत्रेसाठी कोणाचा तरी पारखायला आणलेला. तो ऐकत होता.

"मास्तर, येक इचारू?"

"इचारा की नूरभाई."

"ह्या बुकात समदी मान्सं म्हातारी, दमल्याली, उपाशीच कशी वो? कुनी चालंना, कुनी झोपंना, कुनी भिंतीवर चढंना. इंग्रजानं येवढं राज्य केलं ते काय ह्या असल्या मान्सांच्या जिवावर?"

अर्जुनराव खो खो हसले. "व्याकरणातली माणसं ती. त्यांना रोगच असतो कसला न् कसला."

"मंग आमी बी व्याकरनातलीच," नूरमोहम्मद म्हणाला आणि बकऱ्याला ओढत निघून गेला.

दिवसा करीम कामावर असे. सिमेंटची गोणी एकशेबारा पौंडांची. ते वजन तागावर काळ्या शाईने छापलेले असे, पण वाहणारा ते पाठीने वाचतो. मालमोटारीच्या फळीशी पाठ लावून उभे राहायचे, वरचे दोघे गोणी सरकवतात, आणि एका क्षणी सगळे आकाश मानेवर येऊन बसते. मग गुडघे किंचित वाकवून, श्वास अर्धा धरून चालायचे. घाम पाठीवर उतरे, त्यात तागातून गळणारी भुकटी मिसळे, आणि संध्याकाळपर्यंत खांद्यांवर राखाडी खपली धरे. ती सोलताना कातडीही थोडी निघे.

मुकादम सयाजी बीडकडचा. दुष्काळात गाव सोडून आला होता आणि ठेकेदाराचा उजवा हात झाला होता. तोंडाने वाईट, पण दुपारी करीमला तो सावलीतल्या खेपा देई.

"अय मुलाण्या, कामून मरायलास रे? पानी पे घोटभर. मी कुनाला सांगनार न्हाई."

"रोजा हाय मुकादम."

"ते ठावं हाय मला. म्हनून तर सांगायलोय. अंगात हाडं तरी ऱ्हाऊ दे. परीक्षेला वजन बी करतेत म्हने."

"किती लागतंय?"

"शंबर पौंड. त्याच्या खाली असला की हाकलतेत. तुझं किती?"

करीमला माहीत नव्हते. त्याला आयुष्यात कधी कोणी तोलले नव्हते.

ही बातमी गावात पसरली तशी पोरांमध्ये एक तोड निघाली. तोलायच्या आधी डझनभर केळी खायची, वर लोटाभर पाणी ढोसायचे. पोटात गेलेले दोन-तीन पौंड काट्याला कळत नाहीत. पुण्याला पोलिसात भरती झालेला कोणी हे सांगून गेला होता, आणि ते सगळ्यांनी मानले होते. ज्या पोरांची नावे लागली होती, ती सगळी रानावनात भटकणारी, काटक, काटकुळी. करीमसारखीच.

पुनवेला जत्रा झाली. देवळामागच्या चिंचेखाली नूरमोहम्मद सकाळपासून उभा होता. बकरा पुढे येई, भगत त्याच्या कपाळाला कुंकू लावी, नूरमोहम्मद बिस्मिल्ला पुटपुटे, आणि बकऱ्याची मान खाली झुके. उन्हात रक्ताचा वास जड झाला होता. त्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, आणि मनगटापर्यंत लाल झालेला हात कपाळावरचा घाम पुसायला त्याला वापरता येत नव्हता. करीम मधून मधून फडक्याने पुसून देत होता. शेजारचा ज्योतीराम, करीमच्या वर्गातला, रांग सांभाळत होता.

"नूरूचाचा, जरा बसा. मान्सं थांबतील."

"मान्सं थांबतील, बकरी थांबत न्हाईत," नूरमोहम्मद म्हणाला. "आज माझ्याबिगर देवाचं चालत न्हाई. उद्या माझं पोरगं दारात ऱ्हाईल तवा देवानं ध्यान ठिवावं."

हक्काचा मटणाचा वाटा घरी आला. करीमच्या आईने, झुलेखाने, तो शिजवला, आणि दिवस बुडेपर्यंत त्या वासात तिघेही मुकाट बसून राहिले. रोजा सोडल्यावर ती करीमच्या ताटात वाढत गेली, वाढत गेली.

"बास अम्मा."

"खा म्हनते ना. उद्या सहरीला बी ह्येच. आन् आइक. उद्याचा रोजा तू धरू नगंस."

करीमने वर पाहिले.

"आजाऱ्याला सूट हाय, मुसाफिराला सूट हाय. तुला बी हाय आसं समज. ईद झाली की बदल्यात येक धर. म्या केळी आनल्यात. फाटकापाशी खा, पोटभर पानी पे, मंग आत जा."

नूरमोहम्मद भिंतीला टेकून होता. सुरीवर तेल लावता लावता तो म्हणाला, "खा. आल्ला वजन बगत न्हाई. साहेब बगतो."

करीम म्हणाला, "खातो."

आणि त्याने ते मनापासून म्हटले होते. सकाळी कारखान्याकडे जाताना त्याने कसला आडपडदा ठेवला नव्हता. काखेतल्या कापडी पिशवीत केळी होती आणि ओठांवर 'सो' नि 'दॅट' होते.

फाटकासमोर कडुलिंबाचे झाड होते. त्याखाली गावची पोरे घोळक्याने बसली होती. देहूरोडचा केळीवाला टोपली मांडून होता. साली पायांत पडल्या होत्या, गाल फुगले होते, हसणे चालू होते. कोणी नळाला तोंड लावून घटाघटा पीत होता आणि दुसरा त्याच्या पोटावर टिचक्या मारून पौंड मोजत होता. मग ज्योतीरामने वळून पाहिले.

"अरे, करीम आला. ठेवा, ठेवा मागं."

एका क्षणात सगळे थांबले. हात पाठीमागे गेले. ज्योतीरामच्या तोंडात अर्धे केळे होते. ते त्याने पाठ फिरवून, न चावता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळले. नळाशी वाकलेल्याने तोंड पुसले आणि तो बाजूला झाला. केळीवाल्याने आपण होऊन टोपलीवर गोणपाट ओढले.

"तुझा रोजा हाय न्हवं," ज्योतीराम ओशाळून म्हणाला. "आमी आपलं... ध्यानात न्हाई आलं बग. चल, हितं सावलीत बस. कुनी खानार न्हाई आता."

"खावा की. माझं काय."

"छ्या! तू उपाशी आन् आमी तुझ्या तोंडाम्होरं गिळायचं? गाव काय म्हनंल?"

त्यांनी त्याला सर्वांत दाट सावलीत बसवले. त्याच्याभोवती ती पोरे गप्प, शहाण्यासारखी बसली. ज्यांचे अजून खाऊन झाले नव्हते, तेही. पिशवी करीमच्या मांडीवर होती. केळ्यांचा पिकलेला वास कापडातून त्याच्या नाकाशी येत होता. झाडामागे जावे, भिंतीच्या आड जावे, 'मी आज रोजा धरला नाही' एवढे पाच शब्द म्हणावेत. किती साधे होते ते! पण ज्यांनी त्याच्यासाठी तोंडचा घास लपवला, त्यांच्यासमोर आता पिशवी उघडायची कशी? त्याने पिशवी काखेत दाबली, आणखी दाबली. आत काहीतरी मऊ फुटल्याचे त्याला जाणवले. तेवढ्यात फाटकातून त्याचे नाव पुकारले गेले.

कारखान्याच्या दवाखान्यात लेबर ऑफिसर पंख्याखाली बसले होते. गोरे, नेटके, आवाज एखाद्या कोरड्या टाकाच्या कुरकुरीसारखा.

"मुलाणी? नाव करीम? मॅट्रिक फेल. हं. इंग्रजीत." त्यांनी शेजारच्या तरुण डॉक्टरांकडे पाहून स्मित केले. "बरं, सांग. 'द वॉल इज टू हाय टू क्लाइंब.' हे वेगळ्या प्रकारे सांग."

"द वॉल... इज सो हाय, दॅट वी कॅनॉट क्लाइंब इट."

साहेबांची भुवई वर गेली. "'इनफ' घालून एक वाक्य कर."

"आय अ‍ॅम स्ट्राँग इनफ टू डू धिस वर्क, सर."

"अरे वा," साहेब म्हणाले. "मुलाण्याच्या पोराला हे कुणी शिकवलं? बकरी कापता कापता शिकलास की काय?"

डॉक्टर हसले नाहीत. साहेब हसले. करीमही हसला, तसे हसायचे असते, एवढे त्याला कळत होते, आणि ते हसू पुढे कितीतरी दिवस त्याच्या तोंडात कडू होऊन राहिले.

"इंग्रजी पास. तोलून घ्या."

वजनकाटा बाहेर, दवाखान्याच्या व्हरांड्यात होता. खाली लोखंडी पाट, वर आडवी दांडी, तिच्यावर सरकणारे पितळी वजन. करीम चढला. डॉक्टरांनी पितळी वजन शंभरावर ठेवले. दांडी खालीच पडून राहिली. त्यांनी वजन मागे सरकवले, अजून जरासे; तेव्हा कुठे दांडी हवेत तरंगली.

"सत्त्याण्णव," डॉक्टर हळूच म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

"न्हाई साहेब. रोजा..."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिले. "सर, हा उपाशी आहे. एखादा तास थांबवला तर..."

"डॉक्टर, प्रत्येकासाठी तास थांबलो तर तारा कधी ओढायच्या?" साहेब आतूनच म्हणाले. "टू लाइट. नेक्स्ट."

करीमला अर्थ कळला. शिकवल्याप्रमाणे, अगदी पोटातल्या त्या शब्दासकट कळला. त्या क्षणी त्याला वाटले, की कळले नसते तर बरे झाले असते. निदान पायरी उतरेपर्यंत.

त्याच्या मागून ज्योतीराम चढला. एकशेएक भरले.

घरी झुलेखाने पिशवी उलटी केली. केळ्यांचा काळपट लगदा कापडाला चिकटून आला.

"कुनाला भ्यालास?"

"कुनाला न्हाई."

"मंग?"

"त्येंनी माझ्यासाठी लपवली, अम्मा. समद्यांनी."

"लपवली!" तिचा आवाज चिरकला. "तुझा रोजा त्येंनी राखला व्हय? आन् नोकरी? ती कुनी राखायची? आरं, येकानं तरी म्हनायचं, खा बाबा, तुझी बी नड हाय! लई चांगली मान्सं. चांगुलपनानंच मारलं की आमाला!"

तिने तो लगदा उचलून उकिरड्यावर भिरकावला. नूरमोहम्मदने पटका झटकला, बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

दुसऱ्या दिवसापासून बाप दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागला. सकाळी जाई, साहेब आले की उभा राही. साहेब म्हणत, "नंतर." दुपारी म्हणत, "कामात आहे." त्याचे मागणे एवढेच होते, की ईद झाल्यावर पोराला पुन्हा एकदा तोलावे. शिपाई त्याला खांबाच्या सावलीतून हटवी. तो उन्हात बसे. तहान लागली तरी त्याला पाणी विचारणारे कोणी नव्हते आणि विचारले असते तरी तो पिणार नव्हता. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणे, "आज बी बोलला न्हाई." मग तेही म्हणेनासा झाला.

करीम बांधकामावर परतला. पर्याय नव्हता. सयाजीने त्याला पाहिले आणि त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, याचीच करीमला अधिक लाज वाटली. चौथ्या दिवशी खेप बदलली. दवाखान्याला मागच्या अंगाने नवी खोली निघत होती, आणि तिथे सिमेंट पोचवायचे होते. मालमोटार आवारात मागे जाईना. गोण्या व्हरांड्यावरूनच न्याव्या लागणार होत्या.

त्या दिवशी साहेब व्हरांड्यातच डॉक्टरांशी बोलत होते. नूरमोहम्मद त्यांच्यापासून चार हातांवर उभा होता.

"साहेब, येकदाच तोला. ईदनंतर."

"बाबा, किती वेळा सांगायचं? नियम आहे. मुलगा अशक्त आहे तुमचा. कारखान्याचं काम त्याला झेपणार नाही. त्याच्याच भल्यासाठी सांगतो आहे."

तेव्हा पायऱ्यांवरून करीम वर आला. गोणी त्याच्या मानेवर आडवी होती. डोके तिच्याखाली वाकलेले, मानेच्या शिरा दोरासारख्या ताणलेल्या. फरशीपलीकडे त्याला काही दिसत नव्हते. तो साहेबांच्या चकचकीत बुटांना वळसा घालून पुढे निघाला.

नूरमोहम्मदने ते पाहिले. गेले चार दिवस त्याने तोंडात धरून ठेवलेले सगळे त्याच्या कपाळावर चढले.

"करीम. थांब."

करीम थांबला.

"हिकडं ये. ह्या काट्यावर चढ."

"अब्बा, गोनी—"

"गोनीसकट चढ."

काय झाले ते करीमलाही नंतर नीट सांगता आले नसते. एरवी तो लाजला असता, त्याने खाली बघितले असते. पण खाली तो आधीच बघत होता, त्याहून खाली बघायला जागा उरली नव्हती. त्याने पाऊल उचलले आणि लोखंडी पाटावर ठेवले. मग दुसरे. दांडी खाडकन वर आदळली आणि वरच थरथरत राहिली.

"हा काय तमाशा आहे?" साहेब ओरडले.

"तमाशा न्हाई साहेब. तोला." नूरमोहम्मदचा आवाज आता खाली आला होता, आणि म्हणूनच भीती वाटण्यासारखा झाला होता. "तीन पौंड कमी व्हते न्हवं? बगा भरलं का. तुमच्याच कारखान्याचं सिमीट हाय. उपाशी पोटी, दिसभर, रोज व्हातोय त्यो. तवा कुनी त्येला तोललं न्हाई. तवा त्यो अशक्त नव्हता! आन् हा काटा जितं उभा हाय ना, तितं माझा कांद्याचा वाफा व्हता. ह्या जिमिनीचं वजन केलं व्हतं का तुमी घेताना?"

"मुकादम! ह्याला खाली उतरव."

सयाजी पायऱ्यांशी येऊन उभा होता. त्याने टोपी मागे सारली. "साहेब, गडी माझा हाय खरा, पर काटा तुमचा हाय. मी कसा उतरवनार?"

"करीम, उतर," साहेब स्वतः म्हणाले. "ऐकलंस का? खाली उतर."

गोणीखालून आवाज आला. मोठा नव्हता, पण त्यात कुठे अडखळ नव्हती.

"न्हाई."

करीमची पोटरी कापत होती. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन पाटावर पडत होता, आणि तापल्या लोखंडावर ठिपका उमटून लगेच विरत होता. डॉक्टर काट्याजवळ आले, आणि दांडीकडे बघत हात मागे बांधून उभे राहिले. मागे गोण्या घेऊन आलेले गडी पायऱ्यांवर थबकले होते. कोणी गोणी खाली ठेवली, मग दुसऱ्याने.

साहेबांनी पहारेकऱ्यांना हाक मारली. दोघे धावत आले. नव्या खाकी कपड्यांत त्यातला एक ज्योतीराम होता.

"ती गोणी काढा त्याच्या पाठीवरून."

ज्योतीराम पुढे झाला. त्याने गोणीखाली हात घातला, उचलली, आणि ती हलली नाही. त्याचा चेहरा लाल झाला. "करीम," तो कुजबुजला, "सोड रं. माझी नोकरी नवी हाय."

"धर मंग. दोनी हातांनी धर," करीम म्हणाला. "आन् गुडघं वाकव, न्हाईतर कंबर जाईल."

दुसरा पहारेकरी आला. दोघांनी दोन टोके धरली, दात खाल्ले, आणि गोणी त्यांच्या हातांतून निम्मी निसटत फरशीवर आदळली. तागाला चीर पडून राखाडी ढग उठला. साहेबांचे बूट त्यात दिसेनासे झाले. ज्योतीराम कंबर धरून भिंतीला टेकला. वरची दांडी त्याच क्षणी खाली पडली होती.

नूरमोहम्मद डॉक्टरांकडे वळला. "डागतर, ह्या दोघांचं वजन बराबर भरलं व्हतं न्हवं?"

डॉक्टर वाकून ज्योतीरामची कंबर चाचपू लागले.

"ह्या दोघा बापलेकांना उद्यापासून आवारात येऊ द्यायचं नाही," साहेब खोकत म्हणाले. "कच्च्या कामावरही नाही. मुकादम, ऐकलंस? नाव काढ ह्याचं."

सयाजीने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळले नाही.

करीम आपण होऊन काट्यावरून उतरला. त्याची मान एकाएकी हलकी झाली होती, आणि त्या हलकेपणाने त्याला भोवळ आल्यासारखे झाले. त्याने ज्योतीरामकडे पाहिले. ज्योतीरामने नजर चुकवली. मग त्याने बापाच्या दंडाला धरले, आणि दोघे पायऱ्या उतरून फाटकाकडे चालू लागले. पायऱ्यांवरच्या गड्यांनी वाट दिली. पण त्यांच्यातल्या एकानेही खाली ठेवलेली गोणी पुन्हा उचलली नाही. फुटकी गोणी व्हरांड्यात आडवी पडली होती, आणि ती आत कोणी न्यायची यावरून मागे साहेबांचा आवाज चढत चालला होता.